रेघेमागचं कारण

मार्च २०२२ मध्ये सातारा आणि सांगली जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि दोन्हीकडे कारभार प्रशासकांच्या हाती गेला. तेव्हापासून साडेतीन वर्षांत साताऱ्याचे गट, म्हणजे जिल्हा परिषदेचे मतदारसंघ, ६४ चे ७३ झाले आणि ७३ चे ६५. सांगलीचे ६० होते, ते ६८ झाले आणि मग ६१. या सगळ्या काळात जनगणना एकच होती, २०११ ची. नवी माणसं कुणी मोजली नव्हती. मुंबईत कायदा बदलला, जिल्हा परिषदेच्या सदस्यांची मर्यादा ५० ते ७५ ऐवजी ५५ ते ८५ झाली, म्हणून गट वाढले. मग सरकार बदललं, ऑगस्ट २०२२ मध्ये जुनी मर्यादा परत आली, म्हणून गट उतरले. मधल्या गटांची आरक्षण सोडतसुद्धा होऊन गेली होती. ज्यांनी त्या सोडतीवर विश्वास ठेवून फ्लेक्स छापले, त्यांचे पैसे पाण्यात गेले.

आकडा बदलला की रेघा नव्यानं माराव्या लागतात. त्या रेघा जिथं मारतात त्या टेबलाशी माझी नोकरी झाली. खटाव तालुक्यात तलाठी म्हणून लागले, मंडल अधिकारी झाले, पुढं दोन्ही जिल्ह्यांत निवडणूक शाखेत काम केलं आणि नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. २०२२ ची फेरी मी आतून पाहिली, २०२५ ची बाहेरून. बाहेरून पाहिल्यावर जे दिसलं ते आत असताना दिसत नव्हतं असं नाही. आत असताना त्याबद्दल कुणी विचारत नव्हतं, एवढंच.

गट पाडायचे नियम वाईट नाहीत. तालुक्याची ग्रामीण लोकसंख्या घ्यायची. नगरपालिका आणि नगरपंचायतींची वजा करायची. लोकसंख्येच्या प्रमाणात तालुक्याला गट मिळतात. एका गटाचे दोन गण, म्हणजे पंचायत समितीचे मतदारसंघ. आमच्याकडं गट साधारण पस्तीस हजारांच्या आसपास, गण त्याच्या निम्मा. सरासरीपेक्षा दहा टक्के कमी किंवा दहा टक्के जास्त चालतं. तालुक्याची हद्द ओलांडायची नाही, ग्रामपंचायत शक्यतो फोडायची नाही, अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्या तोडायच्या नाहीत, गावं सलग हवीत, नदी-डोंगर-हमरस्ते बघून सीमा घ्यायची. सुरुवात उत्तरेकडून, मग पूर्वेला, तिथून पश्चिमेला, आणि शेवट दक्षिणेत. क्रमांकही त्याच ओघानं. हे सगळं पाळलं की कागद बिनचूक होतो.

बिनचूक कागद मात्र एकच निघत नाही. तालुक्यातली शंभरेक गावं या नियमांत बसवायची म्हटलं तर बसवण्याच्या कितीतरी पद्धती निघतात आणि सगळ्या नियमात असतात. त्यातली एक निवडायची असते. खरा कारभार त्या निवडीत आहे.

एका तालुक्यात, नाव घेत नाही, दोन गटांच्या मध्ये एक गाव होतं. वस्ती चार हजारांच्या आत-बाहेर. पूर्वेच्या गटात टाकलं तरी दोन्ही गट दहा टक्क्यांच्या आत, पश्चिमेच्या गटात टाकलं तरी आत. रस्ता दोन्हीकडं होता. जुन्या रचनेत ते पूर्वेला होतं; नव्या कच्च्या आराखड्यात ते पश्चिमेला गेलं. प्रस्तावासोबत जो तक्ता जोडायचा त्यात गावाचं नाव, एकूण लोकसंख्या, अनुसूचित जातींची, अनुसूचित जमातींची, असे रकाने होते. ‘का’ असा रकाना नव्हता. मी वरिष्ठांना विचारलं. ते म्हणाले, “मॅडम, आकडा बसतोय ना? मग झालं.” ते लबाड गृहस्थ नव्हते. रात्रीचे साडेदहा वाजले होते, सकाळी प्रस्ताव वर जायचा होता, आणि रकाना नसेल ते कारकून लिहीत नाही.

त्या गावाला पुढं ‘आमचा गट फोडला’ असं म्हणताना मी ऐकलं. सातारा-सांगलीत प्रत्येक निवडणुकीत कुठलं ना कुठलं गाव हे म्हणतंच. कधी ते खरं असतं, कधी हरलेल्याचं समाधान असतं. दोन्हींतला फरक कागदावरून कळायला हवा. तो कळत नाही, आणि सरकारी कामावरचा विश्वास तिथं उडतो. ज्या अधिकाऱ्यानं प्रामाणिकपणे रेघ मारली, त्याच्याकडंही दाखवायला काही नसतं.

कच्चा आराखडा गोपनीय ठेवायचा असतो. त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे: टेबलावरच्या माणसावर दबाव येऊ नये. आम्ही खोलीला आतून कडी लावून बसायचो, शिपायाला बाहेर उभा करायचो. आणि संध्याकाळी घरी जाताना स्टँडवर एखादा माजी सभापती भेटायचा आणि अमुक गाव अमुक गणात गेलं म्हणून मलाच सांगायचा. बहुतेक वेळा बरोबर सांगायचा. कडी कुणासाठी होती? ज्याला आधी कळायला हवं त्याला आधी कळत होतं. ज्याला प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर नोटीस बोर्डाशी उभं राहून वाचायचं, त्याच्यापासून मात्र गुप्तता काटेकोर पाळली जात होती.

शहरात हाच प्रश्न जास्त किचकट होतो. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका १९९८ साली तीन गावं एकत्र करून झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या ५,०२,७९३. सदस्य ७८. म्हणजे एका सदस्यामागं साधारण ६,४५० माणसं, आणि चार सदस्यांचा प्रभाग म्हणजे पंचवीस हजार आठशेच्या आसपास. दहा टक्क्यांची मुभा धरली तर एक प्रभाग तेवीस हजारांचा आणि शेजारचा अठ्ठावीस हजारांचा, दोन्ही नियमातच. २०१८ ची निवडणूक वीस प्रभागांत झाली, बहुतेक चार सदस्यांच्या. प्रभागात सदस्य किती हेसुद्धा राज्यात सरकारागणिक बदलत आलं. एकाचे चार, चाराचा एक, एकाचे तीन आणि पुन्हा चार, एवढा प्रवास २०१६ ते २०२२ या सहा वर्षांत झाला. चार सदस्यांच्या प्रभागात नळाला पाणी आलं नाही तर कुणाच्या दारात जायचं, हे मिरजेत मला एका रिक्षावाल्यानं विचारलं. मी सांगितलं, चौघांच्याही. तो हसला.

शहराचा प्रभाग प्रगणक गटांचा बनतो. जनगणनेला आलेल्या शिक्षकांनी सहा-साडेसहाशे माणसांचा एकेक तुकडा वाटून घेतलेला असतो आणि त्याचा हातानं नजरी नकाशा काढलेला असतो. हे नजरी नकाशे मी पुष्कळ हाताळले. त्यांच्यावर माझा जीव होता. कुणी शाळामास्तर विहीर, मारुतीचं देऊळ, पिठाची गिरणी इतक्या निगुतीनं काढायचा की गल्ली डोळ्यांपुढं उभी राहायची. कुणी चार रेघा ओढून सही ठोकायचा. गटाची चतुःसीमा अशी: पूर्वेस गिरणी, पश्चिमेस बंद पडलेली टॉकीज, उत्तरेस ओढा, दक्षिणेस अमक्याचं किराणा दुकान. २०११ मध्ये ती गिरणी होती. चौदा वर्षांनी तिच्या जागी पाच मजल्यांची इमारत आहे, ओढ्यावर स्लॅब पडला आहे आणि किराणा दुकानाचं मोबाइलचं दुकान झालं आहे. तरी प्रभागाची रेघ गिरणीवरूनच जाते, कारण आकडा त्या गिरणीशी बांधलेला आहे. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीभोवती २०११ नंतर जे प्लॉट पडले, घरं झाली, ती माणसं हिशोबातच नाहीत. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांनंतर सांगलीत नदीकाठ सोडून वरच्या भागात गेलेली कुटुंबं आहेत. त्यांतली २०११ नंतर हललेली कागदोपत्री अजून काठावरच आहेत.

आणि मग मतदार यादी येते. ती विधानसभेची यादी फोडून करतात. या वेळी १ जुलै २०२५ ची. प्रभाग जुन्या जनगणनेवर आणि यादी नव्या पत्त्यांवर. रस्त्याच्या अलीकडचं घर पलीकडच्या प्रभागात गेलेलं दिसतं ते बऱ्याचदा इथं. त्यात कट असतोच असं नाही, हे मी शपथेवर सांगेन. पण कट नाही हे दाखवायला मतदारासमोर सीमेचा स्पष्ट नकाशा हवा. ‘शेवाळेंच्या घरापासून डावीकडं’ अशा वर्णनावर कुणाचं समाधान होणार?

गावात गोष्ट सोपी वाटते. ग्रामपंचायतीची प्रभागरचना तहसीलदारांच्या सहीची. तलाठी, ग्रामसेवक, मंडल अधिकारी गावात जातात, गुगल अर्थच्या चित्रावर सीमा बसवतात आणि मग गावापुढं ठेवतात. सदस्य किती ते लोकसंख्येवर ठरतं, कमीत कमी सात, जास्तीत जास्त सतरा. एका गावात आम्ही चित्र पडद्यावर लावलं होतं. वरून सगळी पत्र्याची छपरं. एक म्हातारी पुढं येऊन म्हणाली, “तलाठीबाई, माझं दार कुठल्या वार्डात?” मी दाखवलं. “आन् गोठा?” तो रेघेच्या पलीकडं होता. मी म्हटलं, आजी, गोठ्याला मत नसतं. ती म्हणाली, “गोठ्यात माझा थोरला ऱ्हातोय. दोन खोल्या काढल्यात.” आमच्या चित्रात ते गुरांचं छप्पर होतं. रेघ तिथल्या तिथं हलवली. ते त्या बैठकीत झालं म्हणून झालं. प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर त्या बाईनं लेखी हरकत घातली असती, सुनावणीला प्रांतांपुढं उभी राहिली असती, असं मला वाटत नाही.

पश्चिमेकडच्या डोंगरात वेगळंच. महाबळेश्वर तालुक्यात कोयनेचा शिवसागर आडवा पडलेला आहे. कांदाटी खोऱ्यातली गावं आणि तापोळ्याकडची गावं नकाशावर दोन बोटांच्या अंतरावर दिसतात. जायचं तर लाँचनं. पाटणमध्ये कोयनेचं खोरं आणि मोरणेचं खोरं यांच्यामध्ये डोंगराची धार आहे. सपाटीवरून आलेला अधिकारी म्हणतो, गावं लागून आहेत की. हद्द लागून असते, पाऊलवाट नसते. लोकसंख्या विरळ असल्यानं तिथं गट पसरट होतातच, त्याला इलाज नाही. निदान एका खोऱ्यातली गावं एका गणात राहावीत एवढं बघता येतं. काही वेळा बघितलं जातं, काही वेळा नाही. कधी बघितलं आणि कधी नाही, तेही लिहिलेलं नसतं.

२०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ६ मे रोजी रखडलेल्या निवडणुका घ्यायला सांगितलं आणि यंत्रणा धावू लागली. जूनमध्ये आदेश निघाले. १४ जुलैला गट-गणांचं प्रारूप प्रसिद्ध झालं, २१ जुलैपर्यंत हरकती. ऐन पावसाळा, भात लावणीचे दिवस. जिल्हाधिकाऱ्यांचा अभिप्राय जोडून हरकती पुण्याला विभागीय आयुक्तांकडं जाणार आणि ११ ऑगस्टपर्यंत निर्णय होणार. जत तालुक्याच्या टोकाच्या गावातल्या माणसाला पुणं जवळपास तीनशे किलोमीटर पडतं. आठवड्याभरात प्रारूप मिळवायचं, वाचायचं, गावोगावच्या लोकसंख्येची बेरीज करायची, पर्याय सुचवायचा, लेखी द्यायचं. हे कुणाला जमतं? ज्याला उभं राहायचं आहे त्याला. म्हणून हरकती पाहिल्या की बहुतेक इच्छुकांच्या असतात किंवा इच्छुकानं सह्या गोळा केलेल्या असतात. मग अधिकारी म्हणतात, या सगळ्या राजकीय हरकती. बरोबर आहे. साध्या मतदाराला पोचता येणार नाही असा रस्ता ठेवल्यावर त्या रस्त्यानं राजकारणीच येणार.

त्यात राज्यघटनेच्या २४३-ओ कलमानं मतदारसंघ पाडण्याच्या कायद्याला न्यायालयात आव्हान देण्याची वाट बंद केलेली आहे. त्यामागंही शहाणपण आहे, नाहीतर प्रत्येक निवडणूक कोर्टातच अडकली असती. पण मग हरकत आणि सुनावणी हीच सामान्य माणसाची शेवटची पायरी राहते. निवृत्तीनंतर मी काही गावांना हरकती लिहायला मदत केली. एका सुनावणीत आमच्यातल्या एका शेतकऱ्यानं अर्ज वाचला: आमचं गाव या प्रभागात का घेतलं ते सांगावं. समोरून प्रश्न आला, “पण तुमची हरकत काय आहे?” तो म्हणाला, “कारण म्हाईत न्हाई, हीच हरकत हाय सायेब.” हरकत फेटाळली गेली. आदेशात एक ओळ होती: रचना नियमानुसार असल्याने हरकत अमान्य. ती ओळ खोटी नव्हती.

याच्या उलट आरक्षणाची सोडत बघा. १३ ऑक्टोबरला दोन्ही जिल्ह्यांत गट-गणांची सोडत झाली. सोडत म्हणजे भरलेलं सभागृह. चिठ्ठ्या सर्वांना दाखवून घड्या घालायच्या, पारदर्शक डब्यात टाकायच्या, शाळकरी मुलाच्या हातानं काढायच्या, मोठ्यानं वाचायच्या, शूटिंग करायचं. अनुसूचित जातींच्या जागा लोकसंख्येच्या टक्केवारीच्या उतरत्या क्रमानं लागतात, तो क्रमही जाहीर असतो. निम्म्या जागा महिलांच्या, त्या चिठ्ठीनं. २०२५ च्या नव्या नियमांनी ही पहिली निवडणूक धरून चक्र नव्यानं सुरू केलं, त्यावर वाद झाला, न्यायालयापर्यंत गेला. पण वाद घालायला नियम समोर तरी होता. म्हणजे जे नशिबावर आहे ते आपण भर सभेत करतो, आणि जे माणसाच्या निर्णयावर आहे ते कडी लावलेल्या खोलीत. मला हे नोकरीत असतानाही विचित्र वाटायचं.

मार्च २०२२ मध्ये प्रभाग पाडण्याचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून शासनाकडं घेणारा कायदा झाला. विधिमंडळात विरोधक आणि सत्ताधारी दोघांनीही त्याला मान डोलावली. ओबीसी आरक्षणाचा पेच सुटेपर्यंत वेळ मिळावा हा त्यावेळचा हेतू. १९९४ साली आयोग स्थापन झाला तो स्थानिक निवडणुका सरकारच्या हातात राहू नयेत म्हणूनच. ज्यांना निवडून यायचं आहे त्यांच्याच सरकारनं मैदान आखावं हे बरं दिसत नाही, हे कुठल्याही पक्षाच्या कार्यकर्त्याला खासगीत विचारा, तो मान्य करेल. पण मला खरं सांगायचं तर टेबलावर फारसा फरक पडला नाही. आधीही तहसील आणि जिल्हाधिकारी कचेरीतलेच लोक रेघ मारत होते, नंतरही तेच. आयोगाच्या काळातही ‘का’चा रकाना नव्हता.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात २००८ साली लोकांनी मतदान करून हे काम आमदारांकडून काढून घेतलं आणि चौदा नागरिकांच्या मंडळाकडं दिलं. उघड बैठका, गावोगावी साक्षी, प्रत्येक मसुदा लोकांपुढं. २०११ आणि २०२१ चे नकाशे तसे झाले. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये, टेक्सासनं आपले नकाशे पक्षाच्या सोयीनं बदलले म्हणून, त्याच कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी संसदेच्या जागांपुरतं ते मंडळ काही वर्षांसाठी बाजूला ठेवलं. चांगली रचना एकदा बांधली की ती कायम उभी राहते असं तिकडंही नाही. मंडळ आपल्याकडं कधी होईल ते होवो. माझं मागणं त्याहून फार लहान आहे.

ते मागणं मला सुचलं आटपाडी तालुक्यातल्या एका वाचनालयात. तालुक्यातल्या गावांची नावं आणि २०११ ची लोकसंख्या चिठ्ठ्यांवर लिहून मी जमिनीवर मांडली, जशी नकाशावर आहेत तशी. आटपाडी गावाची चिठ्ठी बाजूला ठेवली, कारण तिथं नगरपंचायत झाली; ज्या गावाच्या नावानं तालुका, ते गावच आता गटात नाही. जमलेल्यांना नियम सांगितले आणि म्हटलं, तुम्हीच गट पाडा. सगळ्या पक्षांचे लोक होते, एक निवृत्त शिक्षक, गलाईच्या धंद्यातून सुट्टीला आलेला एक तरुण, कॉलेजच्या दोन मुली. पहिला अर्धा तास नुसता दंगा झाला. जो तो आपल्या गठ्ठा मतांची गावं ओढत होता. मग एका मुलीनं विचारलं, “हे गाव तिकडं का?” ओढणाऱ्याला सर्वांसमोर ‘तिथं आमची भावकी आहे’ असं म्हणता येईना. त्याला दुसरं कारण शोधावं लागलं.

आणि कारणं निघाली. या तीन गावांचा बाजार दिघंचीला. या वाड्यांतली पोरं खरसुंडीच्या शाळेत. ही गावं टेंभू योजनेच्या एकाच वितरिकेवर आहेत, पाणी सुटलं की भांडण यांचंच आपसात, तेव्हा सदस्य एकच हवा. दुसरा म्हणाला, उलट दोन हवेत, म्हणजे खालच्याला कुणीतरी वाली राहील. हा वाद मी नोकरीत कधी ऐकला नव्हता, आणि तो या कामाचा गाभा आहे. आमच्या तक्त्यात माणसं मोजलेली होती. ती माणसं बाजाराला कुठं जातात, दवाखान्याला कुठं, पाण्यासाठी कुणाशी भांडतात, हे त्यात कुठंच नव्हतं. शेवटी दोन वेगळ्या रचना झाल्या, दोन्ही दहा टक्क्यांच्या आत. एकमत झालं नाही. पण प्रत्येक वादग्रस्त गावापुढं मुलींनी वहीत एकेक ओळ कारण लिहिलं होतं, आणि ज्यांना ते पटलं नाही त्यांना नेमकं काय पटलं नाही ते सांगता येत होतं.

तिथला एक म्हातारा म्हणाला, “ह्यात नवं काय? राजानं आमच्या आज्याला कारभार दिलाच हुता की.” तो औंधबद्दल बोलत होता. आटपाडी औंध संस्थानात होती. १९३९ साली राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्यानं, आप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन यांच्या खटपटीतून, गावपंचायतींच्या पायावर उभी राहणारी राज्यघटना आपल्या छोट्या, तुकड्यातुकड्यांच्या संस्थानाला दिली. पुढं पत्रीसरकारच्या काळात शेजारच्या गावांनी न्यायनिवाडेही स्वतःच केले. हा तो मुलूख. इथल्या लोकांना आपल्या गटाची हद्द कळणार नाही असं समजून दार लावून घेणं मला पटत नाही.

तेव्हा मागणं एवढंच. प्रारूपाच्या तक्त्यात एक रकाना वाढवा. मागच्या रचनेपेक्षा ज्या गावाची जागा बदलली, त्याच्यापुढं कारण लिहा. दोन्हीकडं बसू शकलं असतं तर तसं लिहा आणि हेच का निवडलं ते सांगा. हरकत फेटाळताना ‘नियमानुसार’ या शब्दावर न थांबता नियमात बसणारा दुसरा पर्याय का नाकारला ते लिहा. गावनिहाय लोकसंख्या आणि नकाशा कुणालाही बेरीज करून पाहता येईल अशा रूपात द्या, स्कॅन केलेला तिरका कागद नको. सुनावणी तालुक्याला घ्या. यातल्या पहिल्या दोन गोष्टींना नवा कायदाही लागत नाही. माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमातच लिहिलं आहे की लोकांवर परिणाम करणारे निर्णय जाहीर करताना त्यासंबंधीची तथ्यं प्रसिद्ध करावीत आणि बाधित व्यक्तींना प्रशासकीय निर्णयांची कारणं द्यावीत. २००५ पासून ते कलम आहे.

माझे जुने सहकारी म्हणतात, कारण लिहिलं की ते पकडून लोक भांडतील. भांडू देत. आज ते कारण नाही म्हणून भांडतात, आणि त्या भांडणाला शेवटच नसतो. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: कारणही रचून लिहिता येतं. येतं. पण एका गटात ‘बाजारगाव एक’ हे कारण दिलं आणि शेजारच्या गटात तेच मोडलं, तर ते दोन ओळींत दिसतं. रचलेल्या कारणांना एकमेकांशी जुळून राहावं लागतं, आणि ऐंशी-नव्वद गावांच्या तक्त्यात ते फार अवघड आहे. हे मी तक्ते करणारी म्हणून सांगते.

हे सगळं झालं तरी आकड्याचा घोळ उरतो, आणि तो जतमध्ये सर्वांत जास्त बोचतो. २०११ ची माणसांची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. फेब्रुवारी म्हणजे ऊसतोडीचा ऐन हंगाम. जतच्या पूर्व भागातल्या, आटपाडीच्या, माणच्या टोळ्या तेव्हा कारखान्यांच्या पट्ट्यात खोप्यांत राहत असतात. मोजणीच्या पूर्ण काळात जो घरी नाही, तो घरी मोजला जात नाही. जिथं सापडेल तिथं मोजतात. म्हणजे दुष्काळी गावाची माणसं बागायती गावाच्या आकड्यात गेली, आणि गट त्या आकड्यांवर पडले. सतरा हजारांच्या गणातली दीड हजार माणसं अशी बाहेर असली तर दहा टक्क्यांची जवळपास सगळी मुभा तिथंच संपते, रेघ मारायच्या आधीच. नवी जनगणना १ मार्च २०२७ च्या संदर्भ तारखेची आहे. माणसं पुन्हा फेब्रुवारीतच मोजली जाणार.

दिवाळीच्या आधी जतमध्ये उमदीच्या बाजूला काही ऊसतोड मुकादमांशी बोलले. त्यांच्याकडं टोळीची वही असते: कोयता किती, उचल किती, कुठल्या गावची जोडपी किती. एकानं विचारलं, “मॅडम, हितं कुलूप आसल तर आमची गिनती कुठं?” मी सांगितलं, कारखान्यावर. तो म्हणाला, “मंग सदस्यबी कारखान्याचाच निवडून द्याचा का?” मी त्याच्याकडून टोळ्यांच्या वह्यांची गावनिहाय यादी मागितली आहे. किती गावांतून किती माणसं फेब्रुवारीत बाहेर असतात याचा तक्ता झाला की तो जनगणना कार्यालय आणि राज्य निवडणूक आयोग दोघांनाही पाठवायचा आहे. आतापर्यंत तीन मुकादमांनी वह्या दाखवल्या. चौथा म्हणाला, उचलीचे आकडे झाकून झेरॉक्स देतो.